इस्त्रीखालचा कागद

रूवीत, हमरियाच्या मागच्या गल्लीत,
आमच्या लाँड्रीतला टीव्ही कुणी बंद करत नाही.
रिमोट कुन्हालीच्या गल्ल्यात, रियालांशेजारी.
सकाळी सातला शटर वर जातं
आणि केरळचा एखादा मंत्री बोलायला लागतो.

मल्याळम मी असाच शिकलो,
वाफेतून, टीव्हीकडे पाठ करून.
'कसा आहेस' यायच्या आधी
मला पूर आला, महागाई आली, राजीनामा आला.
मरण आपलंच निघालं, विमानही;
शेवटी फक्त ओठ मिटायचे:
मरणम्. विमानम्.
'जेवलास का' म्हणायला तीन वर्षं लागली.
बातम्यांत कुणी कुणाला ते विचारत नाही.

एका मंगळवारी आईचा फोन, भर दुपारी,
दुकानात गिऱ्हाईक उभं.
"पाणी खय पावत इलां? कमरेक?"
म्हटलं, कसलं पाणी, मी इस्त्री करतोय.
"खोटां बोलू नको. टीव्हीर दाखवतत.
चाळीस गाडये व्हावान गेले. मियां मोजलंय."

दाराबाहेर पाहिलं: कोरडी गल्ली,
एक मांजर, उलटी पडलेली कुणाची तरी चप्पल.
पूर होता खरा,
पण दोनशे किलोमीटरवर, एका वादीत,
आणि गाडी एकच. पांढरी.
तीच, चाळीस वेळा.
मलाही ते रात्री कळलं, मल्याळममधून.
आईला सांगितलं, तर म्हणाली,
"थंयसल्या माणसांका काय कळतां!"
थंयसली माणसं म्हणजे मी.

मराठी आमच्याकडे येतं ते घडी घालून,
सुकटीभोवती, कोकमाभोवती.
अश्फाक परकार खेडहून परतला
की खोलीतली पोरं माल वाटून घेतात, मी कागद.
जानेवारीचं पान मार्चात वाचायचं:
निधन, लिलाव, एसटीच्या वेळा.
एसटीच्या वेळा मी दोनदा वाचतो.

एका पानावर बिबट्या होता.
काजूच्या बागेतल्या विहिरीत पडलेला;
गावाचं नाव तेलाच्या डागात बुडालेलं.
वनखात्याची माणसं आली, शिडी सोडली,
बिबट्याने पुढचा पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि

इथे फाटलेलं.

अश्फाकला विचारलं, दुसरा तुकडा?
"त्यात बहिणीच्या मिरच्या बांधल्या रे."
आईला विचारलं.
"खयचो बिबट्यो? आमच्या टीव्हीर नाय इलो."
तिच्या लेखी तो पडलाच नव्हता.

ते पान मी इस्त्रीच्या टेबलावर अंथरलं,
जिथे चादर विरून जाळी झाली होती तिथे.
गुरुवारी रात्री घाई असते.
शुक्रवारच्या नमाजाचे पांढरे दिशदाशे,
साठ-सत्तर, गळ्यापासून घोट्यापर्यंत.
वाफ जरा जास्त सुटली असेल.

शनिवारी सईद बिन खल्फान आला.
रागावला नव्हता.
काउंटरवर त्याने दिशदाशाची पाठ पसरली:
खांद्याखाली फिकट शाई, आरशातली अक्षरं.
कुन्हालीला वाटलं, गंज.
सईदला वाटलं, हिंदी.
मी वाचलं, उजवीकडून डावीकडे,
त्याच्या भाषेसारखं:
पायरीवर ठेवला आणि
पुढे स्वच्छ कापड.

कुन्हालीने माझे दोन रियाल कापले.
वर टीव्हीत कुणीतरी राजीनामा देत होतं.
मोडक्या अरबीत मी सईदला विचारलं,
काल हे घालून कुठे कुठे गेलात?
तो बोटं मोजत म्हणाला,
आधी मशीद, मग मत्रहचा मासळीबाजार,
मग थोरल्या भावाकडे सीबला,
मग पोरांना घेऊन समुद्रावर, अंधार पडेपर्यंत.
कुणी काही बोललं नाही.

बराच लांब गेला म्हणजे.